पाहुण्याचं पाणी

साडभाऊ,

तुमच्या शोकसभेत मला तुमच्या फोटोच्या आधी बाटल्या दिसल्या. टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर ओळीनं पाण्याच्या बाटल्या, बोलणाऱ्या माणसागणिक एक. जो तो उठला, झाकण मोडलं, दोन घोट घेतले, घसा साफ केला आणि सुरू. शाश्वत विकास, शाश्वत विकास. अमरावतीत हा शब्द आता पोट्टे पाठ करतात, परीक्षेला येतो म्हणे. एक साहेब बोलता बोलता रडले. रडून झाल्यावर उरलेल्या पाण्यानं त्यांनी रुमाल ओला केला आणि तोंड पुसलं. सभा संपली तसा हॉलचा माणूस आला, अर्ध्या राहिलेल्या बाटल्या पोत्यात गोळा केल्या आणि मागच्या नालीवर बसून एकेक उलटी करत गेला. मी पायरीवर चप्पल शोधत होतो. गोड पाणी होतं ते. गटगट आवाज करत नालीत चाललं होतं.  तुमची मंदा म्हणत होती, "भाऊजी, जेवून जा." मी म्हटलं, पोट भरलं.

बाहेर फलकावर तुमचा फोटो. एका बाजूला एका शिकवणी क्लासची जाहिरात, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची, मधात तुम्ही, हार घातलेले. जिवंतपणी ज्यांना तुम्ही दारात उभं केलं नाही त्यांच्या मधात. तुम्हाला कोणी विचारलं नाही. मेलेल्या माणसाला विचारायचं नसते, एवढं त्यांना बरोबर समजते.

तुमच्या विद्यार्थ्यांनी तुमच्या नावानं पुस्तक काढायचं ठरवलं. त्यातला एक मला म्हणाला, "काका, तुमी बी दोन पानं द्या. भाषा आमी सुधारून घेऊ." मी म्हटलं, "भाषा सुधाराची असंन तं कोण्या मास्तरले माग. मी चौथीतून बैलाच्या मांगं गेलेला माणूस हाओ. लिहीन ते असंच छापाचं." छापतो म्हणाला. म्हणून लिहून राहिलो. तुमच्या पदव्या, तुमची पुस्तकं, तुम्ही कुठं कुठं भाषणं दिली, ते बाकीचे लिहितील. त्यांना तेच येते. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही उठून गेले. हे काही बरं केलं नाही.

बार्शीटाकळीच्या एकाच घरच्या दोन पोरी आपल्याला दिल्या. थोरली इंदू मला, धाकटी मंदा तुम्हाला. थोरली दिली शेत पाहून, धाकटी दिली पगार पाहून. त्या घरच्या विहिरीचं पाणी असं गोड, की लग्नाच्या पंगतीतही लोक आधी पाण्याची तारीफ करायचे, मग बुंदीची. त्यातल्या एका बहिणीला अमरावतीचा नळ भेटला आणि एकीला पूर्णाकाठची खार. सासऱ्यानं माझं वावर पाहिलं, बैल पाहिले. विहिरीचं पाणी काही तोंडात घालून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आज मी तुमचा साडू नसतो.

तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यानं तुमच्यासाठी शेजारून खुर्ची मागून आणली होती. मी सतरंजीवर आधीच बसलेलो. मनात म्हटलं, झालं, आता जन्मभर हा वर आणि आपण खाली. तुम्ही आले, खुर्चीकडे पाहिलं, तिच्यावर आपली पिशवी ठेवली आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसले. "सरका की जी साडभाऊ, एकटेच पुरी सतरंजी घेऊन बसले." सासऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला मानलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. परवा इंदूला सांगितलं, तर ती म्हणे, "मले मायीत हाये, तुमी त्या दिवशी दोन पोया जास्त खाल्ल्या."

पुस्तक वाचणारे अमरावतीचे, पुण्याचे असतील, त्यांच्यासाठी सांगतो, साडभाऊ, तुम्ही थोडं थांबा. आमच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. नुसतं चवीला नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी भरायच्या पितळेच्या गुंडाला पांढरे पापुद्रे धरतात. ओलीत करायला गेलं तर जमीन दगड होऊन बसते. पावसाच्या वरच्या पाण्यावर मात्र जो हरभरा आमच्या वावरात होतो तसा दुसरीकडे होत नाही, हे मी घमेंडीनं सांगतो आणि ज्याला खोटं वाटते त्यानं खाऊन पाहावा. पण पिण्याच्या पाण्याचं असं आहे. म्हणून आमच्या गावात घरोघरी पाणी दोन जागी. ओसरीवर पाहुण्याचा माठ आणि आतल्या खोलीत घरचा रांजण. माठात गोड पाणी. आधी बैलगाडीवर ड्रम ठेवून लांबच्या गावाहून आणायचो, आता क्यान विकत येते. रांजणात आपल्या विहिरीचं. रोज सगळ्या घराला क्यान परवडत नाही, म्हणून घरचे लोक घरचं पितात आणि पाहुण्याला गोड देतात. पाहुण्याच्या ओठाला खारं पाणी लागणं यापरीस मोठी नामुष्की आमच्यात नाही. सोयरिकीला आलेले लोक एका घोटावर उठून गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळं तुम्ही आले की चहा गोड पाण्याचा, वरण गोड पाण्याचं. आमच्या घरचे म्हणायचे, बरं झालं प्रोफेसर आले, आज डाळ शिजली.

तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही. सांगायचं नसतेच ते.

मग जेवण झालं की लिंबाखाली खाट टाकून तुम्ही तुमचं पुराण काढायचे. वर्गात म्हणे तुम्ही पुस्तकी बोलायचे, पण माझ्याकडे आले की तुमच्यातलं धामणगाव रेल्वे गावचं पोरगं जागं व्हायचं.

"साडभाऊ, देशाची कमाई कशी मोजते, मायीत हाये?"

"मले काय मायीत. मले कोणी मोजाले बलावलं नाही."

"जे इकलं ते मोजते. तुमच्या गावात क्यान इकली, जमा. बोर खोदला, जमा. आता बोर खाली खाली गेले अन् पाणी अजून खारं झालं, ते वजा कुठं होते? कुठंच नाही."

"म्हणजे बाप वावर इकून बसला अन् लोकाले सांगते, यंदा कमाई जोरात."

"बस! हेच. हेच मी त्या लोकाले इंग्रजीत सांगतो तं कोणाच्या डोक्यात शिरत नाही."

"मंग ज्यानं हा हिशोब काढला त्याची अक्कल कुठं जमा केली?"

तुम्ही खाटेवर हसून आडवे पडले होते. मग म्हणाले, की तुम्ही नवी मोजणी बसवून राहिले. जमीन किती झिजली, पाणी किती बिघडलं, झाडं किती गेली, ते सगळं वजा करून मग देश पुढं गेला की मागं गेला ते पाहायचं. आणि दुसरं म्हणजे माणसाला विचारायचं, बाबा, तू कसा आहेस.

"हे विचाराले कालेजात शिका लागते?"

"हसू नका. कोणी विचारतच नाही, तिथंच तं सारा घोटाळा हाये."

मी हसलो, पण मला पटलं होतं. चौथी शिकलेल्या माणसासमोर तुम्ही तुमचं काम असं उघडून ठेवायचे, जसं मी तुमच्यासमोर बियाणं ओंजळीत धरतो. वर बसून कधी शिकवलं नाही. त्यासाठी आज हात जोडतो. एवढंच. पुढचं मात्र ऐकून घ्या.

आमच्या गावात क्यानचा कारखाना आला. कारखाना म्हणजे एक टिनाचं शेड. तो माणूस आमच्याच जमिनीतून बोरनं खारं पाणी उपसतो, मशीनमधून काढतो, गोड झालेलं आम्हाला विकतो आणि उरलेलं, विहिरीपरीस जहर झालेलं, नाल्यात सोडतो. ते परत आमच्या विहिरीत मुरते. मग अजून क्यान खपतात. त्याला तालुक्याला शाल-नारळ भेटला, गावात उद्योग आणला म्हणून. हे तुम्ही पाहिलं तेव्हा नाल्यात थुंकले होते. तुम्हाला थुंकताना मी ती एकच वेळ पाहिली.

तुमची मोजणी पुरी झाली आणि एका सरकारी हापिसानं ती घेतली. अर्धी मोजणी कागदावरून, अर्धी लोकांच्या तोंडून. कागदावर आमच्या गावात नळ होता. पाइप टाकले होते, घरासमोर तोट्या उभ्या होत्या, नारळ फोडला होता. त्या तोटीतून हवा येते. पण तुम्ही माझ्या घरी कायम गोड पाणी पिलेले, तुम्हाला वाटलं नळाचंच. मग लोकांच्या तोंडून विचारायला तुम्ही स्वतः आले आणि आधी माझ्या ओसरीवर बसले. सोबत तुमचे कॉलेजचे पोट्टेपोट्टी, गल्लीतले लोक जमलेले, इंदू चौकटीत उभी, तुमच्या हातात माझा चहा.

"बोला साडभाऊ. शून्य ते दहा. पाण्याचं समाधान किती?"

"दहा."

"तब्येत?"

"दहा."

"जमीन?"

"हे काय विचारणं झालं? दहा."

"अन् एकंदर?"

"दहाच्या वर काही असंन तं ते लिहा."

सगळी गल्ली हसली. तुम्हीही हसले. माझ्यानंतर पुऱ्या गल्लीनं दहा सांगितलं, आणि गल्लीमागून गावानं. आमच्या इकडे दारी आलेल्या माणसाच्या हातात आपला कप असताना घरातलं उणं काढत नाहीत. कसं चाललं विचारलं की झकास म्हणायचं, मग आपण भले मसणातून आलेले असो. हे खोटं बोलणं नाही. माणसाची बूज ठेवण्याची आमची रीत आहे. मी चुकलो असं मी लिहिणार नाही, साडभाऊ. आज तुम्ही तसंच बसून तसंच विचारलं, तर मी तेच सांगीन. पाहुणा होऊन विचारलं की पाहुण्याला देण्याचंच उत्तर भेटते. तुमच्या इतक्या पुस्तकांत ही एवढी गोष्ट कोणी लिहिली नव्हती काय?

तर आमचं गाव पहिलं आलं. फाट्यावर निळा फलक लागला, समाधानी गाव. धरणावरून गोड पाण्याची नवी लाइन टाकायची होती, ती तुमच्याच यादीवरून. जे गाव खाली, त्याला आधी. हा विचारही तुमचाच, आणि चांगला विचार. पण आमचं गाव सगळ्यांच्या वर. म्हणून आम्ही सगळ्यांच्या मागं. लाइन फाट्यावरून वळून दुसरीकडे गेली. फलक तेवढा राहिला. त्याला बकऱ्या अंग घासतात, तेवढा एक उपयोग.

मग इंदूच्या किडन्या गेल्या. डॉक्टरनं एका शब्दात सांगितलं, पाणी. तेव्हापासून तिच्यापुरती क्यान, बाकी आम्ही रांजणावर. अकोल्याला पहिल्यांदा तिला मशीनवर घेतलं त्या दिवशी तुम्ही अमरावतीहून आले आणि बाकड्यावर माझ्या बाजूला बसले.  मग मशीनच्या खोलीच्या दाराकडे पाहत म्हणाले, "साडभाऊ, हे मशीन जेवढं चालते, तेवढी देशाची कमाई वाढते."

माझा हात उठला होता, खरं सांगतो. म्हटलं, "इथंबी तेच?"

"मले याची किळस येते," तुम्ही म्हणाले. "ताई अंदर हाये अन् कागदावर ते प्रगती हाये. मले किळस येते."  मग म्हणाले, "नळ चार वर्सं आंधी आला असता तं ताई इथं नसती."

नळाला नुसती हवा येते, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. बायको आत सुईवर असताना कोण तोटीची गोष्ट काढते?

आणि मागच्या साली, हरभरा सोंगायला आला तेव्हा तुम्ही न सांगता आले. मी वावरात होतो. फाट्यापासून उन्हात चालत आलेले, तुम्ही सरळ आत गेले, इंदूच्या खाटेपाशी. ती म्हणाली, "भाऊजी, ओसरीवरच्या माठातलं पाणी घ्या." पण रांजण तुमच्या हाताशी होता. ती नाही नाही म्हणेपर्यंत तुम्ही तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला.

मी आलो तर तुम्ही उंबऱ्यावर बसलेले, तांब्या हातात.

"हे काय हाये?"

"पाणी."

"हे तुमी पेता?"

"सारे घरचे पेतात."

"अन् नळ?"

"नळाले हवा येते. कान लावा, आवाजबी येते."

"मंग दहा काहून सांगतलं?"

"तुमच्या हातात माहा चहा होता."

तुम्ही उठले. तुमचा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशी चढला. "साडभाऊ, तुमी माह्या जल्माचं काम पाण्यात घातलं!"

"खाऱ्या पाण्यात," मी म्हटलं. तोंडातून गेलं. परत घेत नाही. आणि पोटात होतं ते पुढं सांगितलं. "इतकी वर्सं माह्या घरी येऊन रायले. एक खेप तरी आत जाऊन आपल्या हातानं पाणी घेतलं? घरचा माणूस पाणी मागत नसते, घेते. तुमी ओसरीवर बसून जिल्हा मोजला. आज आत आले, आज समजलं."

इंदू आतून ओरडली, "दोघंबी चूप बसा. माह्या डोक्यावर भांडू नका."

तुम्ही पिशवी उचलली आणि गेले. जेवलेही नाही. अंगणातून जाताना तुमची पाठ वाकलेली दिसली, ती मी आधी पाहिली नव्हती. हाक मारणं माझ्यानं झालं नाही. मारीन तर मी कसला.

त्यानंतर फोन आला तो दुखणं धरल्यावर, यंदा. माझी तब्येत, तुमची तब्येत, इंदूचं मशीन. मग तुम्ही म्हणाले, "यंदाचा हरभरा पाठवा जी." बाकी काही नाही. मी पाठवला. मंदा सांगते, तुम्हाला तेव्हा खाणं जातच नव्हतं. मूठभर दाणे तळहातावर घेऊन बसून राहायचे.

आणि शोकसभेत, त्या बाटल्यांच्या गर्दीत, तुमची एक विद्यार्थिनी भेटली. आता स्वतःच कॉलेजात बाई झालेली, केस पांढरे. तिनं सांगितलं, की माझ्या घरून गेल्यावर तुम्ही त्या हापिसात गेले होते. माझीच यादी चुकली, ते गाव वरून काढा, म्हणाले. साहेब म्हणे, सर, फलक लागला, सत्कार झाला, आता आकडा कसा बदलणार? पुढच्या मोजणीत पाहू. तुम्ही परत गेले. काठी घेऊन गेले, दुखणं घेऊन गेले. दर खेपेला त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली आणि बाटली दिली. ज्या माणसाचा आकडा तोच म्हणतो चुकला, तर हे म्हणतात नाही सर, बरोबर आहे! सांगा, यांच्या तोंडावर काय मारावं?

मला हे काहून सांगितलं नाही? याचा मला तुमच्यावर सगळ्यात जास्त राग आहे. मी आलो असतो. रांजणातला तांब्या भरून आणला असता आणि साहेबाच्या टेबलावर ठेवला असता, घ्या साहेब, दहापैकी दहा. आपल्या दोघांना शिपायानं सोबत बाहेर काढलं असतं. मग खाली कुठं टपरीवर बसून भांडण पुरं केलं असतं.

सभेत जाहीर झालं, तुमच्या नावानं मोजणी परत होणार आणि सुरुवात समाधानी गावापासून. टाळ्या पडल्या. गावात बातमी माझ्याआधी पोचली. सरपंच माझ्या ओसरीवर येऊन बसला होता.

"काका, यंदाबी दहाच. मोठ्या साहेबाच्या हातानं सत्कार हाये. नवा फलक भेटते."

"फलकातून पाणी येते काय?"

"तसं नाही जी. लाइन आज ना उद्या येईनच." मग त्यानं आवाज खाली केला. बेटा हुशार आहे. "तुमी कमी सांगतलं तं लोक म्हनतीन, सरांची मोजणी खोटी होती. तुमचेच साडू. त्यायचं नाव राहू द्या."

ते मला लागलं. तुमचं नाव एकीकडे आणि गावाचं पाणी एकीकडे, असं त्यानं तराजूत घालून माझ्यासमोर धरलं. मी वावरात गेलो. हरभरा निघून गेलेला, नुसती ढेकळं. तिथं बसून विचार केला. तुम्ही काठी टेकत त्या हापिसात गेले ते नाव राखायला गेले होते काय? उठलो तेव्हा डोकं साफ होतं.

मोजायला तुमची तीच विद्यार्थिनी, कॉलेजातली बाई, आली. ओसरीवर बसली. सरपंच बाजूला, शेजारचे दोघं-तिघं भिंतीला टेकून. त्या दिवशी इंदूचं मशीन नव्हतं, ती घरात होती. ती माठाकडे वळली.

"इंदे, त्यातलं नोको. रांजणातलं आण."

ती उभीच राहिली. इतक्या वर्षांत त्या घरातून कोणाला ते पाणी बाहेर गेलं नव्हतं. "अवो, पाहुणी हाये."

"साडभाऊची पोरगी पाहुणी काहून होईन?"

सरपंच उठला. "काका, काहून इज्जत घालवता गावाची?"

"बस खाली. माह्या रांजणाची इज्जत हाये, मी पाहून घेतो."

इंदूनं पेला आणला. माझ्याकडे न पाहता बाईच्या हातात दिला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, साडभाऊ. उभ्या जन्मात अशी लाज वाटली नव्हती. बाईनं पेला ओठाला लावला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग पुरा पेला प्याली, शेवटपर्यंत, आणि खाली ठेवला. एक थेंब ठेवला नाही. तिथं मला हॉलमागची नाली आठवली, आणि तुमची माणसं सगळीच तशी नाहीत, हे कबूल करावं लागलं.

"पाण्याचं समाधान?" तिनं विचारलं.

"आत्ता तुमी पेल्या. तुमीच लिहा."

"एकंदर?"

दहा जिभेवर आलं होतं. जुनी जीभ आहे. गिळलं. "दोन," म्हटलं. "एक हरभऱ्याचा. एक हिचा."

इंदू चौकटीतून म्हणाली, "माहा एकच? सारी जिनगानी तुमच्या खारात घातली, अन् एक?"

बाई हसली. मग चष्मा काढून पुसत बसली. सरपंचाला फोन आला होता की नाही मला माहीत नाही, पण तो फोन कानाला लावून बाहेर गेला. बाई शेजारच्या घरी गेली, तर तिथंही आतून रांजणाचाच पेला आला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढं गल्लीत काय आकडे निघाले ते मी विचारत बसलो नाही.

आता तुमच्या यादीत आमचं गाव खाली गेलं असेल. लोक म्हणतील, सरांची पहिली मोजणी खोटी होती. म्हणू द्या. तुम्हीच म्हणत होते. लाइन येईल न येईल, माझा भरवसा नाही. हापिस तेच, साहेब तेच, बाटल्या त्याच.  पण या वेळेस आमचं पाणी आमच्या दहानं तरी अडणार नाही.

उद्या अखजी आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायचा दिवस. इंदूनं बाजारातून नवी मातीची घागर आणली. म्हणाली, "मंदाच्या फ्लॅटात कोण भरते. भाऊजीची आपणच भरू." मी हो म्हटलं. मग ती घागर कडेवर घेऊन मधातच थांबली.

"कोणतं भरू जी? गोड का घरचं?"

आमच्या गावात पितरांची घागर गोड पाण्यानंच भरतात. ते त्या दिवसाचे पाहुणे. माझा बाप उभा जन्म खारं पिऊन गेला, त्याचीही घागर मी दरसाल गोडच भरतो. क्यान भरलेली समोर होती.

मी म्हटलं, "बापाची गोड भर. साडभाऊची रांजणातली."

"भाऊजीले खारं?"

"त्यानं आत जाऊन आपल्या हातानं घेतलं होतं."

ती रांजणाकडे गेली, घागर धुवून आतल्या खोलीत पालथी घातली, सकाळी भरायला.

तर उद्या या. ओसरीवर थांबू नका. आत सतरंजी टाकतो, सरकून बसतो. भांडण तिथूनच पुढं सुरू करू, जिथं इंदूनं चूप बसवलं होतं.